बाहेरच्या लाकडाच्या बॉयलरच्या धुराड्यातनं काळं डांबर गळालंय, काय करावं?

जांबोटीचा_गडी
नमस्कार मंडळी. जांबोटीच्या पुढं चोर्ला रोडला आमचं घर आणि घराला लागूनच चार खोल्यांचा होमस्टे हाय. पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला घरामागं पत्र्याच्या शेडखाली लाकडावरचा मोठा बॉयलर करून घेतलाय, बेळगावातनंच. मधे जळणाची पेटी, भोवतीनं ५०० लिटर पाण्याचं जॅकेट, वर पाच इंची पाइपाचं धुराडं. पाणी झकास तापतंय, तक्रार त्याची न्हाय. तक्रार ही की धुराड्याच्या जोडातनं काळं चिकट पाणी गळालंय, भिंतीवर ओघळ आलेत, वास असा की एका पाहुण्यानं विचारलं इथं रस्त्याचं काम चालू हाय काय. आणि आता दार उघडलं की धूर तोंडावर येवालाय, पहिलं असं होत नव्हतं. फॅब्रिकेटरला फोन केला तर म्हणतोय सगळ्यांचंच गळतंय, जोडाला एम-सील लावा. एम-सील लावलं, ते दोन दिवसात जळून पडलं. कुणाला अनुभव असंल तर सांगा.

उद्यमबाग_फिटर
एम-सील धुराड्याला 😂 बरं ते ऱ्हाऊ दे. आधी माहिती द्या की जरा. लाकूड कुठलं, तोडून किती दिवस झाले, फोडून टाकता का अख्खा ओंडका घालता? धुराड्याची उंची किती, वाटेत वाकणं किती? आणि मेन म्हणजे रात्री हवेची झडप बंद करून ठेवता काय?

जांबोटीचा_गडी
लाकूड आमच्याच बांधावरचं अकेशिया आणि थोडं निलगिरी, कधी सॉ मिलच्या कडा आणतो. जंगलातलं आणायचा प्रश्नच न्हाय, भीमगड अभयारण्य शेजारी, फॉरेस्टवाले लगेच येतात. तोडल्यावर महिना दोन महिने पडतंय मग वापरालोय. जाड असतंय, मांडीएवढं, पेटीचं दार मोठं केलंय त्यामुळं फोडायची गरज लागत न्हाय. धुराडं शेडच्या पत्र्यातनं सरळ न जाता आधी आडवं गेलंय मग वर, दोन एल्बो. उंची पत्र्याच्या वर हातभर. आणि हो, झडप रात्री दहाला बंद करतो, पेटी गच्च भरून. पहाटे पाचला गोव्याकडं जाणारे पाहुणे उठतात, त्यांना पाणी गरम पाहिजे, म्हणून रात्रभर धुमसत ठेवतो.

उद्यमबाग_फिटर
झालं की मग. चारही गोष्टी एकदम हायत तुमच्याकडं. ओलं लाकूड, जाड ओंडका, धुमसणारी आग, थंड लांब पाइप. ह्यातली एक जरी असली तरी काजळी धरती, तुमच्यात तर सगळी पलटण आलीय. धुराड्याचा दोष सगळ्यात शेवटी काढायचा, आधी आग बघायची. सविस्तर रात्री लिहितो, आता शिफ्टला हाय.

खानापूर_स्टेशनरोड
आमच्या घरी पितळी बंब होता आजीच्या काळातला, त्याला कधी असलं काय गळलं न्हाई बघा. नवीन वस्तूच बोगस.

कणकुंबीची_वहिनी
बंबाची गोष्ट वेगळी हो दादा. बंबात काय घालता तुम्ही, काटक्या, करवंट्या, वाळलेल्या झावळ्या, चिपाडं. धडधडून पेटायचं, अर्ध्या तासात पाणी आणि खेळ खल्लास. मधल्या नळीतनं ज्वाळ सरळ वर जायची. रात्रभर कोण बंब धुमसत ठेवत होतं? आणि तरीबी नळीला काजळी धरायचीच की, सासूबाई दिवाळीच्या आधी नळी काढून बडवायच्या आणि चिंचेनं बंब घासायच्या.

उद्यमबाग_फिटर
वहिनी एकदम बरोबर बोलला. आता लिहितो सविस्तर, वाचायला कंटाळा आला तर सोडून द्या.

लाकूड थेट जळत न्हाय. आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. मग लाकूड अडीचशे-तीनशे डिग्रीच्या पुढं तापलं की त्यातनं गॅस आणि डांबराच्या वाफा सुटतात, आपल्याला ज्वाळ दिसती ती ह्या गॅसची. शेवटी उरतात ते इंगळ. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता ह्या गॅसमधे असती आणि हा गॅस नीट जळायला दोन गोष्टी लागतात, सहाशे डिग्रीच्या आसपास किंवा वर ताप आणि पुरेशी हवा. तुम्ही झडप बंद केली की हवा गेली. आणि पेटीच्या चारी बाजूला पाणी, म्हणजे लोखंडाची भिंत कायम शंभरच्या खालीच, ती ज्वाळेचा ताप ओढून घेती. मग गॅस न जळता तसाच वर जातो, थंड पाइपाला टेकला की तिथं बसतो. तोच क्रिओसोट. धूर जेव्हा जाड, पांढरट-पिवळट, जमिनीलगत लोळणारा असतो तेव्हा समजायचं की जळणाचे पैसे आणि डांबर दोन्ही वर निघालंय.

धुराड्यात धूर साधारण १२० डिग्रीच्या खाली गेला की हे जास्त बसतं. पहिल्यांदा भुकटीसारखी काजळी असती, ब्रशनं पडती. मग चकचकीत खपल्या येतात. आणि शेवटी काचेसारखा काळा थर, तो ब्रशनं निघत न्हाय. तुमचं जे गळालंय ते वाफेचं पाणी आणि आम्ल मिसळलेलं पातळ डांबर, ते पाइपबी खातं. पाच इंचाचं भोक आतनं चार झालं असंल, म्हणून दारातनं धूर येवालाय. चार इंच म्हणजे वाट दोन तृतीयांशाहूनबी कमी उरली, हिशोब करून बघा.

आणि हे फक्त गळायचं न्हाय. एक दिवस तुम्ही पाचट-बिचट टाकून जोरात आग केली की आतला थर पेटणार. धुराड्याची आग. हजार डिग्रीच्या वर जाती.

जांबोटीचा_गडी
अण्णा भीती घातला की. वर शेड पत्र्याचं हाय पण शेजारी गवताची गंजी हाय.

उद्यमबाग_फिटर
गंजी आधी हलवा. आजच. बाकीचं मग बोलू.

चंदगडी_काजू
सीमेपलीकडनं बोलतोय. आमच्या भागात काजूचे कारखाने भरपूर, बॉयलरला टरफलंच घालतात. फुकट मिळतील तुम्हाला, ताप पण जबरदस्त. टरफल घाला, लाकडाची झंझटच नको.

उद्यमबाग_फिटर
नको नको नको. दादा कारखान्याचं वेगळं, तिथं पंखा असतो ओढीचा, आग एकदम तेज असती, नळ्या ठरलेल्या दिवशी साफ करायला माणूस असतो. टरफलात तेल असतं, हाताला लागलं तर कातडी सोलून निघती ते तेल. असल्या झडप-बंद बॉयलरात ते घातलं तर तेलाची वाफ न जळता जाणार आणि धुराडं चीक घातल्यासारखं होणार. शिवाय धूर डोळ्याला झोंबतो, होमस्टेत कोण थांबणार. तेल काढून घेतलेली पेंड जरा बरी, पण तीबी ह्या बॉयलरला नको.

चंदगडी_काजू
तेल काढलेलीच म्हणत होतो मी पण ठीक हाय, पटलं. पंखा आमच्याकडं हाय खरा.

हलग्याचा_हणमंत
मूठभर मीठ टाकायचं आगीत, काजळी झडती. आमचे वडील करायचे. बटाट्याच्या सालीनं पण होतंय म्हणे.

उद्यमबाग_फिटर
मिठानं लोखंडाला गंज लागायला मदत होती एवढं नक्की. मीठ, साली, ह्यानं बसलेला जाड थर निघत न्हाय. बाजारात पावडरी मिळतात, त्या आगीत टाकल्यावर चकचकीत थर ठिसूळ होतो, मग खरवडायला सोपं जातं, एवढाच त्यांचा उपयोग. पावडर टाकली आणि खरवडलं न्हाय तर सुटलेल्या खपल्या एल्बोमधे जाऊन बसतात आणि वाट बंद. रबर, टायर, ऑइलचं फडकं हे तर नावच काढू नका.

कणकुंबीची_वहिनी
लाकडाचं मी सांगते, कारण आमच्यात पाऊस म्हणजे काय असतो ते तुम्हाला म्हायत हाय, जून ते सप्टेंबर उन्हाचं तोंड दिसत न्हाई. आमच्याकडं जळण दिवाळी झाली की तोडतात आणि तेव्हाच फोडतात. फोडणं महत्त्वाचं हो दादा, अख्खा ओंडका दोन वर्षं पडला तरी आतनं ओलाच असतो, साल पाणी सोडत न्हाई. मनगटाएवढी फाटी करायची. खाली दोन आडवी लाकडं नाहीतर दगड ठेवून जमिनीपासून उचलून रचायचं, वर पत्रा, आणि चारी बाजू उघड्या. लोक काय करतात, प्लास्टिकचा ताडपत्री कागद गच्च गुंडाळतात, आत घाम धरतो आणि बुरशी येती. वारं लागलं पाहिजे. दिवाळीचं लाकूड पावसाच्या आत बऱ्यापैकी वाळतं, मृगाच्या आधी आत घ्यायचं. जांभळासारखं जड लाकूड असंल तर पुढच्या वर्षाला ठेवायचं.

वाळलं का कसं बघायचं, तर दोन फाटी एकमेकावर आपटायच्या, टणटण वाजलं पाहिजे, ओलं असंल तर धप्प आवाज येतो. टोकाला भेगा पडलेल्या असतात, साल नखानं सुटती. आणि आगीत टाकल्यावर टोकाला फेस येऊन सूं सूं वाजलं की समजा ओलंच हाय.

वडगावची_मास्तरीण
वहिनी मस्त. ह्यात एक भर, वजनाची. ढिगातली एक फाटी निवडायची, खडूनं खूण करायची आणि आठवड्याला एकदा वजन करायचं. वजन कमी व्हायचं थांबलं की त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. नववीच्या पोरांकडनं करून घेतलं होतं हे, त्यांना आलेख काढायला बरं पडतं. मीटरपण मिळतो दोन सुयांचा, पण तो फाटी फोडून आतल्या बाजूला टोचायचा, बाहेरनं टोचला तर फसवतो. वीस टक्क्यांच्या आत आलं तर उत्तम.

आकडे हवे असतील तर, पूर्ण कोरड्या लाकडात किलोला साधारण साडेअठरा मेगाज्यूल. वीस टक्के ओल असलेल्या किलोभर लाकडातनं वाफेचा खर्च जाऊन चौदाच्या आसपास मिळतात. निम्मं पाणी असलेल्या ताज्या लाकडातनं आठ. म्हणजे तेवढंच वजन वाहून आणून जवळजवळ निम्मी उष्णता, आणि वर धुराड्यात वाफ जास्त ती वेगळी.

जांबोटीचा_गडी
मास्तरीणबाई, मग ५०० लिटरला किती जळण लागायला पाहिजे? आम्ही रात्री पेटी भरतो त्यात सहज पन्नास किलो जातंय.

वडगावची_मास्तरीण
पाणी २२ डिग्रीचं धरू, ७० ला न्यायचं. ५०० × ४८ × ४.१९, म्हणजे एक लाख किलोज्यूलच्या आसपास, वीजेच्या भाषेत २८ युनिट. चांगल्या वाळलेल्या लाकडाचे किलोला १४, त्यातले समजा निम्म्याहून थोडे जास्त पाण्यात उतरले, तर १३ किलो. फार तर १५ धरा. तुमचे पन्नास किलो रात्रभरात कुठं जातात ते भिंतीवर ओघळताना दिसतंयच.

खानापूर_स्टेशनरोड
😳 पन्नासाचे पंधरा

सदलगा_ऊसवाला
आमच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणाला कधी हा त्रास न्हाय. चिपाड एकसारखं मारत राहतोय, आग कधी धुमसत ठेवत न्हाय, धुराडं विटांचं उंच. धूर निघतोय पण चिकट न्हाय. फिटर अण्णा म्हणतोय ते खरं, आगीला हवा द्या.

फिरता_प्रवीण
सोलर लावा की राव. कर्नाटकात घरोघरी सोलर हीटर हाय आणि तुम्ही लाकडं फोडत बसलाय.

जांबोटीचा_गडी
प्रवीणदादा, सोलर हाय की छतावर दोन खोल्यांना. जुलैमधे या, दाखवतो त्यातनं काय येतंय ते. आमचा सीझनच पावसाळ्यात, धबधबे बघायला येणारे सगळे भिजून येतात आणि एकाच वेळी आंघोळीला जातात. लाईट तर त्याच वेळी जाती. लाकूड सोडून इलाज न्हाय.

नोकरी_पुण्यात_गाव_बेळगुंदी
मी एचव्हीएसी (इमारती गरम-गार ठेवायची यंत्रणा) मधे काम करतो, ह्या प्रकाराचे मोठे भाऊ अमेरिका-कॅनडात असतात. घराबाहेर शेडसारखी भट्टी, भोवती पाणी, ते जमिनीखालून घरात नेऊन घर गरम ठेवतात. त्यात पाणी ठरलेल्या तापमानाला, ऐंशी-पंच्याऐंशीला आलं की झडप आपोआप बंद होते, आणि मग भट्टी तासन्‌तास धुमसते. बरोबर तुमच्यासारखंच डांबर. शेजारी धुरानं इतके वैतागले की काही गावांनी बंदी घातली, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या ईपीए ह्या सरकारी पर्यावरण संस्थेनं अशा हीटरच्या धुरावर देशभर मर्यादा आणली, २०२० पासून ती अजून कडक झाली. नवीन मॉडेलमधे गॅस जाळायला वेगळी सिरॅमिकची खोली असते, तिथं ज्वाळा पाण्याला न टेकता पूर्ण जळतात आणि मग पाण्याकडे जातात. आणि सोबत मोठी टाकी असते. आग एकदाच पूर्ण जोरात, उष्णता टाकीत साठवायची, आग विझू द्यायची.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न इथं आहे. तुम्ही उष्णता लाकडात साठवून ठेवताय, म्हणजे रात्रभर हळूहळू जाळताय. ती पाण्यात साठवा.

जांबोटीचा_गडी
म्हणजे टाकी वेगळी घ्यायची? खर्च?

नोकरी_पुण्यात_गाव_बेळगुंदी
जुनी सोलरची टाकी भंगारात मिळाली तर बघा, तिला आधीच इन्सुलेशन असतं. बॉयलरपेक्षा वर ठेवा म्हणजे पंप लागत नाही, गरम पाणी वरच्या पाइपानं टाकीत चढतं, गार खालच्या पाइपानं बॉयलरमधे उतरतं. दोन्ही पाइप मोठे ठेवा, चढ सतत पाहिजे, मधे हवा अडकायला कुबड नको. संध्याकाळी सहाला दोन तास झणझणीत आग, पाणी ७०-७५ ला न्या, आग आपोआप विझू दे. चांगली गुंडाळलेली टाकी पहाटेपर्यंत थोडंसंच उतरते. पन्नासच्या वर असलं तरी आंघोळीला गार मिसळावंच लागतं.

अजून एक. बॉयलरमधे येणारं पाणी फार गार नको. पेटीची भिंत जितकी गार तितकं डांबर भिंतीवरच बसतं, धुराड्यात जायच्या आधीच. ५५-६० डिग्रीच्या खालचं पाणी परत भट्टीत येऊ नये असं बघतात. गाडीच्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो तसाच एक व्हॉल्व्ह यासाठी मिळतो, बॉयलर तापेपर्यंत पाणी आतल्या आत फिरवतो, मग टाकीकडे सोडतो. तो महाग वाटला तर साधा हाताचा व्हॉल्व्ह टाकीकडच्या पाइपाला बसवा, पहिली पंधरा-वीस मिनिटं चिमटून ठेवा, बॉयलर तापला की हळूहळू उघडा. पूर्ण बंद करू नका मात्र.

उद्यमबाग_फिटर
हे शेवटचं वाक्य तीनदा वाचा गडीसाहेब. बॉयलरला हवा सुटायचा उघडा पाइप हाय का? वरच्या बाजूनं आकाशाकडं तोंड असलेला, वाटेत कुठलाबी व्हॉल्व्ह नसलेला?

जांबोटीचा_गडी
हाय, अर्धा इंची.

उद्यमबाग_फिटर
पाऊण किंवा एक इंची करा. पाणी उकळून वाफ कोंडली तर ती पेटी बॉम्ब हाय, डांबर गेलं खड्ड्यात. वाफेचा पाइप अख्ख्या पाण्याच्या लेव्हलच्या वर आणि कधीच बंद न्हाय. कुणी प्लंबर म्हणाला पाणी वाया जातंय प्लग मारू तर त्याला चहा पाजून घरला पाठवा.

अनगोळ_नाना
आमच्या शेजारी बंब न्हाणीच्या आत ठेवलेला, दार लावून. तिथला धूर बाहेर गेला न्हाई तर माणूस आतल्या आत गुंगतो, वास येत न्हाई त्या गॅसला. गडीचं बाहेर हाय ते बरं हाय, पण वाचणाऱ्यांनी घरातल्या बंबाची नळीबी बघा.

उद्यमबाग_फिटर
नानांनी चांगलं आठवण केली. धुराडं चोंदलं की कार्बन मोनॉक्साइड मागं फिरतो. घरात बंब असंल तर खिडकी उघडी.

आता धुराडं. गडीसाहेब तुमचं आडवं गेलेलं काढा. भट्टीतनं निघाल्यावर सरळ वर. अगदीच जमत नसंल तर एल्बोऐवजी टी (तीन तोंडांचा जोड) लावा, टीच्या खालच्या तोंडाला काढता येणारं झाकण, तिथनं काजळी खाली काढता येती. पाइप जोडताना वरच्या पाइपाचं टोक खालच्याच्या आत बसलं पाहिजे. लोक उलटं करतात, खालचं वरच्याच्या आत, मग आतनं ओघळणारं डांबर जोडातनं बाहेर. तुमच्यात शंभर टक्के उलटं बसवलंय, म्हणून भिंतीवर ओघळ. एम-सीलचं काम न्हाय ते.

पत्र्याच्या वरचा पाइप उघड्यावर गार होतो, जांबोटीच्या वाऱ्यात तर अजून. त्याच्याभोवती एक-दोन इंच रॉकवूल (ताप धरून ठेवणारी, न जळणारी लोकर) गुंडाळून वर दुसरा पत्र्याचा पाइप चढवा. आतला पाइप जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) नको, जास्त तापला तर जस्ताचा धूर होतो आणि आम्लानं लवकर सडतो. स्टेनलेस परवडत असंल तर बरं. उंची वाढवा, हातभर कमी हाय, छपराच्या उंच भागापेक्षा दोन-तीन फूट वर जाऊ दे. वर टोपी असू दे पावसासाठी, पण टोपीला बारीक जाळी लावली असंल तर ती काढा न्हायतर दर आठवड्याला बघा, चिमण्या शिरतील म्हणून लावतात आणि डांबर पहिल्यांदा तिथंच चोंदतं.

जांबोटीचा_गडी
जाळी हाय अण्णा 😐 बारीक.

उद्यमबाग_फिटर
मग शिडी घ्या उद्या.

वडगावची_मास्तरीण
जळणाच्या पेटीला आतून फायरब्रिक लावली तर? खानापूरची माती विटा-कौलांसाठी प्रसिद्धच आहे.

उद्यमबाग_फिटर
फायरब्रिक वेगळी बाई, साधी वीट फुटती. पण आयडिया बरोबर. पेटीच्या खालच्या भागाला, जळण ठेवायच्या जाळीच्या आजूबाजूला फायरब्रिक लावली की आग तिथं तापलेली राहती, पाणी वरच्या भागातनं ताप घेतं. पाणी तापायला थोडा उशीर लागंल, आग मात्र स्वच्छ. फायरक्लेनं लावायची, सिमेंटनं न्हाय.

लोंढा_जंक्शन
आमच्याकडं जुने रेल्वेचे लाकडी स्लीपर मिळायचे स्वस्तात, लई जळतंय ते. पाहिजे तर विचारून बघू?

नोकरी_पुण्यात_गाव_बेळगुंदी
नको. त्या स्लीपरमधे टिकाऊपणासाठी दगडी कोळशाचं क्रिओसोट मुरवलेलं असतं. जे काढायला निघालोय तसलंच डांबर आत घालणार. त्याचा धूरही विषारी. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, फर्निचरचे तुकडे, हेही नकोच.

लोंढा_जंक्शन
ओके बाबा, कुंपणालाच ठेवतो.

हलग्याचा_हणमंत
धुराडं पेटलंच तर काय करायचं ते सांगा, सगळं टाळायचंच सांगालाय.

उद्यमबाग_फिटर
ओळखायचं कसं तर घों घों मोठा आवाज येतो, पाइप थरथरतो, वरनं ठिणग्या न्हायतर ज्वाळ, पाइप लाल. लगेच हवेची झडप बंद, दार बंद. आगीवर कोरडी वाळू न्हायतर राख टाकायला मिळत असंल तर टाका आणि दार लावा. पाणी धुराड्यात ओतू नका, लोखंड फुटतं आणि वाफ अंगावर येती. पाणी मारायचं ते आजूबाजूच्या गवतावर, छपरावर. पाहुण्यांना त्या बाजूच्या खोल्यांतनं बाहेर काढा आणि १०१ ला फोन. आग थांबल्यावरबी पाइप तपासल्याशिवाय पुन्हा पेटवायचं न्हाय, आतनं चिरलेला असतो.

आणि साफसफाई, सीझनमधे दर पंधरवड्याला टीचं झाकण काढून बॅटरी मारून आत बघा. तीन मिलीमीटर थर दिसला की ब्रश. पाइपाच्या मापाचा तारेचा गोल ब्रश, काठीला किंवा दोरीला वजन बांधून वरनं खाली. थंड असतानाच. काचेसारखा थर असंल तर ह्या पाइपाच्या मागं लागू नका, नवीन पाइपच टाका, पाच इंची पाइपाचे चार तुकडे काय महाग न्हायत.

चंदगडी_काजू
पाइपावर चुंबकाचा थर्मामीटर मिळतो, आमच्या बॉयलरवाल्यानं लावलाय. साध्या एकेरी पाइपाच्या बाहेरनं ११५-१२० च्या खाली काटा असला की डांबर, २४० च्या वर गेला की जास्त तापतंय, मधे ठेवायचं. स्वस्त हाय, घ्या.

फिरता_प्रवीण
एवढं सगळं करण्यापेक्षा गॅस गिझर

कणकुंबीची_वहिनी
प्रवीणभावजी तुम्ही एकदा पावसात चोर्ल्याला सिलिंडर घेऊन या बघू 😄

जांबोटीचा_गडी
मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहालोय, मधे लग्नसराई झाली. काय काय केलं ते सांगतो. गंजी हलवली. जाळी काढली, ती म्हणजे अख्खं काळं पापड झालेलं, बोट जायला जागा न्हाय. आडवा पाइप काढून धुराडं सरळ केलं, खाली टी, पत्र्याच्या वरच्या भागाला रॉकवूल. जुना पाइप उतरवल्यावर आत बघितलं तर एल्बोच्या ठिकाणी चकचकीत काळा थर बोटाएवढा. जोड खरंच उलटे होते, फिटर अण्णा न बघता बोलला होता. फॅब्रिकेटरला फोटो पाठवला, त्यानं अंगठा पाठवला.

टाकी सोलरवाल्याकडनं जुनी ३०० लिटरची मिळाली, बॉयलरच्या ५०० ला जोडली. आता संध्याकाळी पेटवतो, झडप पूर्ण उघडी, फोडलेली फाटी, आणि आठ-साडेआठला आग विझती. पहाटे नळाला पाणी हाताला चांगलं कढत लागतंय. जळण किती कमी झालं ते मास्तरीणबाईंच्या हिशोबाइतकं न्हाय पण निम्म्याच्या आसपास आलंय, लाकूड अजून नीट वाळलेलं न्हाय त्यामुळं असंल. अडचण एकच, पहिली वीस मिनिटं पेटवताना अजून धूर येतोय दारातनं.

उद्यमबाग_फिटर
पेटवताना धुराडं गार असतं, ओढ नसती. आधी दोन-चार वर्तमानपत्राचे बोळे टीच्या खालच्या झाकणातनं पेटवा, धुराडं गरम होऊ दे, झाकण लावा, मग पेटीतल्या काटक्या पेटवा. आणि काटक्या जाड लाकडाच्या वर ठेवून वरनं पेटवून बघा, खालनं न्हाय. वरनं खाली जळत येतं तेव्हा सुटणारा गॅस ज्वाळेतनंच जातो, धूर कमी. आपल्याकडं हे उलटं वाटतं पण करून बघा.

जांबोटीचा_गडी
वरनं पेटवायचं आज करून बघतो. वाफेचा पाइप पण एक इंची केलाय, सांगायचं राहिलं.

कणकुंबीची_वहिनी
दादा दिवाळी झाल्यावर अकेशिया तोडणार असाल तर फोडायचं मशीन आमच्याकडं भाड्यानं मिळतं, ट्रॅक्टरला लागतं. डिझेल तुमचं.

जांबोटीचा_गडी
नक्की वहिनी, नंबर मेसेजमधे पाठवा. इथं नको.

सदलगा_ऊसवाला
गडीभाऊ, टाकी आणि बॉयलरमधली उंची किती ठेवलाय? आमच्या पोल्ट्रीला पण असंच करायचा विचार हाय, पिल्लांच्या शेडला गरम पाणी फिरवायला.

जांबोटीचा_गडी
टाकीचा तळ बॉयलरच्या माथ्यापेक्षा फूटभर वर हाय. पाइप सव्वा इंची. तुमचं शेड लांब असंल तर पंप लागंल, ते पुण्याच्या दादांना विचारा.